यांच्या वतीने

फोन लावायच्या आधी मी दुलुथचं हवामान बघते.
उणे अकरा. वारा तलावाकडून.
मग पंखा बंद करते,
आणि भावाच्या झुंजीच्या कोंबड्यावर टोपली पालथी घालते,
टोपलीवर पोतं, पोत्यावर वीट.
इथे पहाटेचे चार.
तिथे दुपारचे दोन, तेही कालचे.

"नमस्कार, मी क्लेअर.
मिस्टर लिंडक्विस्ट यांच्या ऑफिसातून बोलतेय."

ऑफिस म्हणजे आईचं शिवणाचं टेबल.
खाली मशीनचं पायडल तसंच आहे,
बोलता बोलता पाय ते चालवतो, शिवत काहीच नाही.
साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं:
सहायक म्हणू नकोस, लोक तोलून बघतात.
आमच्या टीमकडून, असं म्हण.
टीम म्हणजे मी.
इंग्रजीत आम्ही आणि आपण एकाच शब्दात राहतात,
त्यातला कुठला मी म्हणतेय ते कुणी विचारत नाही.
बरंच आहे.

प्लंबरशी बोलताना "यांच्या वतीने" ठासून म्हणायचं.
साहेबांच्या आधीच्या बायकोशी मात्र नुसतं "क्लेअर".
वतीने म्हटलं की ती म्हणते,
त्याला तोंड नाही का?
एका म्हाताऱ्याने विचारलं, बाई, तू माणूस आहेस की मशीन?
मी खोकले.
त्याची खात्री पटली, औषधही सांगितलं.

आणि मग हॅना.
मिस अ‍ॅबरनॅथी यांच्या ऑफिसातून, मिनियापोलिस.
एका जेवणाची तारीख आम्ही तीन आठवडे ढकलत होतो,
जड कपाट दोघींनी दोन बाजूंनी धरावं तशी.
तिच्या बोलण्यात एकही चूक नसायची.
तेवढ्यावरूनच शंका यायला हवी होती.

"गुरुवार, साडेबारा, तलावाकाठचं माशांचं हॉटेल."
"छान," ती म्हणाली, "मी त्यांच्या कॅलेंडरवर..."
आणि कोंबडं आरवलं.

माझं नव्हे. माझं विटेखाली गप्प होतं.
तिच्याकडचं.
मिनियापोलिसच्या बाराव्या मजल्यावर,
भर दुपारी दोन वाजता, गळा काढून.
आणि मग
माझ्या टोपलीतून त्याला उत्तर गेलं.

कॉल रेकॉर्ड होत असतो. हसायची सोय नाही.
"तुमच्या ऑफिसात," ती हळूच म्हणाली.
"तुमच्याही," मी म्हटलं.
मग एकदम आवाज खाली, आमच्या भाषेत:
"कुठली गं तू?"
"दुमागेटे. बंदरामागची गल्ली."
"मी सिकिहोर."

सिकिहोर!
कपडे वाळत घालताना रोज दिसतं मला,
दोरीवरच्या दोन टॉवेलांमधून, निळसर,
मध्ये एवढासा समुद्र.
आमचे आवाज मात्र अमेरिकेला वळसा घालून आले होते.

"खरं नाव?"
"क्रिसान्ता. तुझं?"
"लिवायवाय. बाबा मनिलाचे ना, त्यांनी ठेवलं."
त्यांच्याकडे याचा अर्थ तांबडं फुटणं.
मी टोपलीकडे बघितलं.

"चला, गुरुवारी जेवतील आपली माणसं," ती म्हणाली.
आपली. या शब्दात मी होते.

मग तिने घसा साफ केला.
"मिस अ‍ॅबरनॅथी यांच्या वतीने आभार."
"मिस्टर लिंडक्विस्ट यांच्या वतीने तुमचेही.
सांभाळून राहा, बर्फ आहे आज."
"हो ना," ती म्हणाली, "फारच."

शुक्रवारी साहेब खुशीत होते.
सूप खारट, पण सौदा झाला.
"ती हॅना हुशार दिसते," म्हणाले,
"कुठली आहे, विचारलंस का कधी?"

खिडकीत दोरी हलत होती.

"त्यांच्या ऑफिसातलीच असावी,"
मी म्हणाले.