एकाने जास्त

टॅब्लेट आले जानेवारीत, उत्तरायण आटोपल्यावर,
तारांवर पतंगांचे सांगाडे अजून लटकत होते.
बावीस मुलं, बावीस काचा, बावीस हेडफोन
आणि सातवीचा वर्ग इतका शांत
की खाली सेव-उसळवाला कांदा चिरतोय
ते मला वर ऐकू यायचं.

सव्वीस वर्षं मी ह्याच शांततेसाठी
टेबलावर डस्टर आपटत आले.

माझ्यासाठी एक निराळी काच होती:
कोण हिरवं, कोण पिवळं, कोण लाल.
शिकवायला आलेला पोरगा म्हणाला, बेन,
तुम्ही आता फक्त लाल बघायचं,
बाकीचं हे बघून घेईल.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
माझा घसा केव्हाच गेलेला आहे.

लाल एकच. जिगर मोहिते.
यंत्राने त्याला सातवीतून पाचवीत उतरवलं,
पाचवीतून तिसरीत,
आणि गुरुवारी तो चित्रातले पेरू मोजत होता.

हा जिगर!
गेंडीगेटला मामाच्या पतंगांच्या गाडीवर
"तीन कोडी, दोन फिरक्या, नि पन्नास कमी कर"
असं गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत
आकडा सांगणारा.
माझ्याकडूनही त्याने रुपया सोडला नव्हता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्याची उत्तरं उघडली.
कुणी सांगितलं नव्हतं. मनाईही नव्हती.
सात आठे सत्तावन्न.
बारा नव्वे एकशे नऊ.
शंभरातून सदतीस गेले, चौसष्ट.
चार पेरू आणि तीन पेरू, आठ.

वरपासून पुन्हा बघत आले, बोट ठेवून.
एकाने जास्त.
सगळीकडे एकाने जास्त.
ज्याला येत नाही तो वाट फुटेल तिकडे चुकतो,
कधी दहाने, कधी घाबरून शंभराने.
इतकं नेमकं चुकायला
आधी बरोबर उत्तर हाताशी लागतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.
चुकीचं बटण दाबलं की तो थांबायचा,
डोळे मिटायचा.
मी हेडफोनची एक बाजू उचलून माझ्या कानाला लावली.

"हरकत नाही, जिगर,"
कुणीतरी म्हणत होतं, पुस्तकातल्या मऊ मराठीत,
कसलीच घाई नसलेलं,
"घाबरू नकोस. आपण पुन्हा करून बघू."

बरोबर आलं की ते नुसतं म्हणायचं, "छान. पुढे."

मी त्याला काही विचारलं नाही.
घरी त्याच्याशी कोण कसं बोलतं,
ते विश्वामित्रीतल्या मगरीसारखं,
पुलावरून बघणाऱ्याला फक्त पाणी हललेलं दिसतं.

स्कूटरवरून जाताना हिशोब मांडला:
सव्वीस वर्षं, वर्षाला तीस-पस्तीस पोरं,
मी किती वेळा म्हटलं असेल, हरकत नाही?
म्हटलंय ना.
हेडमास्तरांना. दूधवाल्याला.

मग सराव केला. हसू नका.
स्वयंपाकघरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये.
माझ्या घशातून ते खरवडल्यासारखं निघतं,
आणि मध्येच गुजराती घुसते,
कंई वांधो नहीं, कंई वांधो नहीं,
बाजारात पिशवी आपटल्यावर म्हणतात तसं.

सोमवारी बाकीच्यांनी हेडफोन चढवले,
जिगरला मी कागद दिला.
दहा गणितं, माझ्या अक्षरातली, सातवीची.
तो लिहीत होता तोवर बाकावर शेजारी बसले.
माझे गुडघे वाजले, त्याने वळून पाहिलं.

कागद पुढे आला
आणि न बघताच, पाठ केलेलं तोंडातून निसटलं:
"हरकत नाही, जिगर. घाबरू नकोस.
आपण पुन्हा..."

टेबलावरच्या काचेत तो अजून लालच.

"बेन," तो हळूच म्हणाला,
मलाच सांभाळून घेत असल्यासारखा,
"पण हे सगळं बरोबर आहे."