एक मिनिट

पेरीन मॅडम म्हणाल्या, आधी हात गरम कर.
मग स्पेक्युलम. नळाखाली धर,
आपल्याच मनगटाला लावून बघ,
बाळाच्या दुधाचा थेंब बघतात तसं.

परळला, तिसऱ्या मजल्यावर,
कॉल्पोस्कोप एका पायावर उभा असतो
मान वाकवून.
त्याच्यामागे मी. वय त्रेचाळीस.
बरोबरीची मुलं मला ताई म्हणतात, मग चुकून मावशी.

पहिले कित्येक दिवस मला फक्त गुलाबी दिसलं.
गुलाबी, आणि त्यावर दिव्याची चमक.
"इथे बघ," मॅडम म्हणत, "ही आतली त्वचा, ही बाहेरची,
ही दोघींची शीव.
जे काय व्हायचं ते शिवेवर होते."
मी राहते शीवला.
वीस वर्षं पत्ता लिहिताना अर्थ मनात आला नव्हता.

हिराबाई तांडेल, माझगाव, मासळीचा धंदा.
ॲसिटिक ॲसिडचा वास नाकात गेला तशी टेबलावरून म्हणाली,
"माजा लोनचा घालतंस का काय गो?"
मी हसले, आणि चाळिसालाच बोळा काढला.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
नवा बोळा भिजवून माझ्या चिमट्यात दिला.
एक मिनिट एटले एक मिनिट.

साठ मोजायचे.
पन्नाशीच्या आसपास शेवंता कुंचीकोरवे येते.
धारावीच्या ओपीडीत, नव्वद बायकांमध्ये सत्तरावी.
मी कार्डावर लिहिलं होतं, पांढरं जातं.
तीनदा लिहिलं. तीनदा गोळ्या दिल्या.
कसं पाहायचं ते मला येत नव्हतं, हे खरं.
पाहायला हवं असं वाटलंच नाही, हे जास्त खरं.
तिने बांधलेला झाडू अजून माझ्या घरी आहे.
झिजलाय. टाकवत नाही.

साठ.
आणि पांढरं वर येतं,
भिंतीतली ओल उमटावी तसं, कडेकडेने,
चार वाजल्यापासून सहापर्यंत.
(इथे जागा घड्याळाच्या भाषेत सांगतात.)
हिरवी काच सरकवली तर रक्तवाहिन्या काळ्या,
जुन्या चाळीच्या जिन्यातल्या फरशीसारखी नक्षी.
मग आयोडीन. निरोगी असेल ते गर्द तपकिरी होतं,
बिघडलेलं उजळ राहतं, मोहरीच्या पिवळ्या रंगाचं.
जन्मभर रंगावरून बोलणी खाल्लेल्या बाईला
हे सांगताना माझी जीभ अडखळते.

तुकडा तपासून आला. हिराबाईही आली,
शुक्रवारी, बाजार अर्धा टाकून.
तारेचा वेढा माझ्या हातात,
मॅडम मागे उभ्या, दोन्ही हात कोटाच्या खिशात.
तेवढ्यावरूनच मला कळलं.
सुई दिली. थांबले. वेढा फिरला,
धुराची बारीक रेघ नळीत गेली.
बरणीत जे पडलं ते अंगठ्याच्या नखाएवढं.

"झाला?"
झालं.
"दाखव."
मी बरणी उजेडात धरली.
"येवराच?" ती म्हणाली. "बोंबलाचा डोका याच्यापक्षी मोठा."

मग तिने पडद्याकडे बोट केलं.
तिला कोपरावर उठवून बसवलं, पडदा वळवला.
छप्पन वर्षं, चार बाळंतपणं.
ती बघत राहिली.
पुढची बाई दाराशी खोकली.
"थांब गो," हिराबाई म्हणाली,
मला की तिला, कळलं नाही.
"मीनी कदी बगलंच नाय."