सुवा

आखाड्यावरचा कोठा दर तिसऱ्या साली शेकारावा लागायचा.
पवन्या गवत, तुराट्या, अंबाडीची सुतळी.
हे काम एकट्याचं नव्हतंच.
एक जण वर, आढ्याशी पाय रोवून,
एक जण आत, अंधारात, बैलांच्या वासात.
मधे सुवा.
बाभळीचा, हातभर,
तेल पिऊन पिऊन काळा झालेला.

त्या साली माझा बाप लिंबाजी
आणि चुलता सटवाजी बोलत नव्हते.
बांधावरच्या एका बोरीवरून
दीड वर्ष.
आई म्हणाली, गवत कुजलंय, ढोरं भिजतील.
एवढंच म्हणाली.

चुलता वर चढला. इळा कमरेला, चोपणं खांद्यावर.
बाप आत. बापाजवळ मी, सुतळीचा गुंडा धरून.

एरवी वरून हाक यायची, "आला!"
आतून, "दे!"
त्या दिवशी नुसतं खस्स.
गवतातून टोक यायचं, बाप ते चिमटीत धरायचा,
वाशाला वळसा घालून
दोन बोटं पलीकडे परत वर खुपसायचा.
वरून हिसका. पेंढी आवळायची.
मग चोपण्याचे तीन ठोके,
आमच्या डोक्यावर कुसळांचा पाऊस.
दुपारपर्यंत त्यांनी शंभरदा तरी
एकमेकांना काहीतरी दिलं, घेतलं.

मग एकदा सुवा आला
तो बापाच्या तळव्यातच.
बाप हूं की चूं बोलला नाही.
रक्ताची सुतळी तशीच वर दिली.

ठोके पडले नाहीत.

बैलानं शेपटी हलवली तेवढा वेळ गेला.
मग गवताच्या पलीकडून:
"लागलं का रं?"

बापानं उत्तर दिलं नाही.
हात धोतराला पुसला.
पुढचा सुवा जरा हळू खुपसला.

वाटणीत सुवा आमच्याकडं आला,
चोपणं त्यांच्याकडं.
अशी वाटणी कुणी सुचवली, आठवत नाही.
पण दर तिसऱ्या साली
कुणीतरी कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहायचं,
मागायचं काही नाही,
पाणी प्यायचं, गुळाचा खडा चघळायचा.

औंदा टिनपत्रे बसवले.
हिंगोलीहून टेम्पोत आले, सोबत एक पोरगं.
त्यानं एकट्यानंच, वरूनच,
मशीननं स्क्रू पिळत अर्ध्या दिवसात उरकलं.
मी आत जाऊन उभा होतो,
सवयीनं, हात वर करून.
"काका, बाहेर या," पोरगं म्हणालं, "आत काय काम नाही."

सुवा आता कोठ्याच्या दाराची खिट्टी आहे.
घट्ट बसतो.
चोपण्याचं काय झालं
ते एकदा तिकडं जाऊन विचारायचंय.