हातचे दोन

रिफ्कात सरांच्या सुनेनं घड्याळ आणलं
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून.
"तसं चालतं, पण बटण दाबलं की अडखळतं.
तुम्ही बघता ना असली कामं, झिफा आपा?"

बघते. पेन्शनीत निघाल्यापासून,
स्वयंपाकघरातल्याच टेबलावर,
बिटांची टोपली खाली सरकवून,
एप्रनचं खालचं टोक टेबलाच्या कडेला टाचून,
म्हणजे मांडीवर झोळी होते
आणि सुटलेला स्क्रू जमीन गाठत नाही.
स्प्रिंग उडाली तर गोष्ट वेगळी.
मागच्या हिवाळ्यातली एक अजून गालिच्यात आहे कुठेतरी.

आधी काही उघडायचं नाही. ऐकायचं.
नुसतं चालताना ठोका स्वच्छ, सेकंदाला पाच.
बटण दाबलं.
मोठा काटा थरथरला जागच्या जागी.
एक. दोन.
मग निघाला, काही झालंच नाही असा.

पुन्हा दाबलं. एक, दोन, निघाला.
वीस वेळा केलं. चहावर साय धरली.

चुंबक लागलंय? होकायंत्र वर धरलं,
सुई ढिम्म.
काट्याच्या चाकाखालची ताणपट्टी? वाकलेली नाही.
बदामाच्या आकाराचा कॅम?
हातोडी पडते, काटा कुठूनही असो
मुकाट शून्यावर येतो. त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

मग डोळ्याला भिंग, आणि दिसलं:
मधलं चाक पुढे सरकतं, पण
दात दाताला नुसता चाटतो,
दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला धरतो.
ही खोली ठरवणारा एक स्क्रू असतो,
डोकं मध्यावर नसलेला.
त्याची खाच कुणीतरी कुरतडलेली,
जाड पेचकसानं, घाईघाईत,
घड्याळजी कधी फिरवणार नाही अशी.
मागच्या झाकणात सुईनं खरडलेलं:
११ एप्रिल ८१.

मे महिन्यात मी धावले होते.
आठशे मीटर, मैदानामागे कामेवर
शेवटचे बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते.
सरांच्या मनगटावर हेच घड्याळ.
काझानच्या क्रीडाशाळेला हवे होते दोन तेरा.
माझे लागले दोन बारा आणि आठ दशांश.
सर मिठी मारून ओरडले नाहीत. वहीत लिहिलं,
आणि पेन्सिल बराच वेळ खिशात जाईना.

दोन ठोके म्हणजे चार दशांश.
चार मिळवा.
शाळेत शिकवतात तसं, हातचे दोन, विसरायचे नाहीत.

की ढिला पडला असेल तो आपोआप?
सरांना चष्म्याशिवाय बुटाची नाडी दिसत नसे.
की दुरुस्तच करत होते, आणि बिघडला?
विचारायला सर नाहीत. मार्चमध्येच गेले.

दुसऱ्या तुकडीत लिलिया होती.
तिला शाळेच्या स्टॉपवॉचनं मोजलं.
दोन तेरा आणि एक दशांश.
माझ्याआधी एका दशांशानं, म्हणजे
माझ्या पुढे एक पाऊलभर.
मी काझानला गेले, पदकं आणली, गुडघा आणला परत.
ती गेली घड्याळांच्या कारखान्यात,
तीस वर्षं बाकावर, पापणीत भिंग धरून.
हे हात तिनंच शिकवले मला:
चिमटा असा धर, श्वास असा सोड,
तेल टाचणीच्या टोकाएवढं, त्याहून जास्त म्हणजे घाण.

खोली किती ठेवायची, आठवत होतं मला.
तरी फोन केला.
"दोन तृतीयांश दात," ती म्हणाली. "पूर्ण घुसवलास
तर घड्याळ गुदमरेल. फिरवलास की वीसदा दाबून बघ."
मागे तिच्याकडे दूध उतू गेल्याचा आवाज.
"कुणाचं गं आहे?"

पेचकस खाचेत होता.
मी केसभर फिरवला. बटण दाबलं.
काटा सुटला, न थांबता,
बंदुकीच्या आवाजावर सुटतात तसा.

"लिलिया," मी म्हणाले, "दूध बघ आधी.
मी धरून आहे."