पालथ्या फरशा

क्राउडनहून निघालो तेव्हा सात वाजले होते
आणि पाऊस नव्हता. तिथे एवढं पुरतं.
थेल्मा शोरॉक पुढे, मी मागे.
तिचं वय अठ्ठ्याहत्तर, एक गुडघा तिचा, एक सरकारी इस्पितळाचा.
पावणेतीनशे मैलांच्या वाटेतले आजचे अकरा.
"बाकीचे," ती म्हणाली, "ज्यांना घाई आहे त्यांनी चालावेत."

चढ संपतो तिथे माळ सुरू होतो.
म्हणजे भिजलेला काळा स्पंज
आणि त्यावर हेदरची विरलेली गोधडी.
पूर्वी इथे माणूस कमरेपर्यंत रुतायचा.
थेल्माचा भाऊ विल्फ्रेड एक बूट इथेच ठेवून गेला,
अडुसष्ट सालापासून त्याने तो मागितला नाही.

आता फरशा आहेत. एकीपुढे एक, चिखलावर टेकलेल्या,
दिसेनाशा होईपर्यंत.
बंद पडलेल्या गिरण्यांची जमीन उखडून
हेलिकॉप्टरने इथे आणून टाकली.
काही फरशांना भोकं आहेत, बोट जाईल एवढी:
इथे माग ठोकलेला होता.
भोकात पाणी, पाण्यात शेंगदाण्याएवढं आभाळ,
आभाळात वळवळणारं काहीतरी.

थेल्मा थांबली. बूट काढून
नुसत्या मोज्यांनी एका फरशीवर उभी राहिली.
मला वाटलं, आता डोळे पुसेल.
"छे, ही आमच्या खात्यातली नाही.
आमची तेल पिऊन इतकी गुळगुळीत झालेली
की फोरमन दिवसातून एकदा तरी आडवा व्हायचा."

दोन्ही बाजूंना कापूसगवत, वाऱ्यावर पांढरं पांढरं.
त्याचा धागा निघत नाही.
लहानपणी तिने काढून पाहिलाय.

माथ्यावर वारा असा की
शब्द तोंडातून निघायचा आणि थेट यॉर्कशरात जाऊन पडायचा.
वीस पावलांवर ती वळली
आणि आवाजाशिवाय बोलू लागली,
ओठ ताणून, जीभ दाखवून,
एकेक अक्षर सोलून हातावर ठेवल्यासारखं.
चारशे मागांच्या खडखडाटात बायका अशाच बोलायच्या.
कोण कुणाबरोबर पळालं, कुणाला दिवस गेले,
मालकाचं खरं नाव काय,
सगळं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचायचं
आणि फोरमनला वाटायचं, पोरी जांभया देताहेत.

मला ही भाषा येत नाही.
वाटलं, गिरणीचं काहीतरी असेल.
किंवा विल्फ्रेडचं. तो मार्चमध्ये गेला.
ती पुन्हा म्हणाली. पुन्हा.
तिसऱ्यांदा कळलं:
नाडी. तुझी. डाव्या बुटाची.

मी खाली बसलो, गुडघा नेमका भोकावर,
गार पाणी पँटीतून आत आलं.

वेसेंडनच्या रस्त्यावर चहाची व्हॅन उभी होती.
अजून चार मैल होते.
आतल्या माणसाने विचारलं, "साखर?"
थेल्माने सवयीने नुसते ओठ हलवले.
त्याने दोन चमचे घातले, ढवळलं, पेला पुढे केला.
त्याची आई कुठल्या गिरणीत होती
हे विचारायचं राहूनच गेलं.