नाव

सुरतेहून येताना शहाद्याच्या बसमध्ये
कंडक्टरने सिलिंडरचं अर्धं तिकीट फाडलं.
गॅस नाही, हवा आहे, म्हटलं
तर मागची सीट हसली : हवा विकत?

प्रकाशाला, बॅरेजने अडवलेल्या तापीच्या काठी
झिपरूकाकाने दोरीचं एक टोक
स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, दुसरं माझ्या कमरेला.
एक झटका म्हणजे ठीक. दोन म्हणजे ओढ.
तीन आम्ही ठरवलेच नाहीत.

मालवणला मी पर्यटकांना मासे दाखवतो.
अंगठा वर म्हणजे वर जायचं, असं शिकवूनही
फोटोत सगळे अंगठाच वर करतात.
इथे दोन पुरुष खाली टॉर्चचा उजेड
चहातल्या बिस्किटासारखा विरघळला.
तिसऱ्या पुरुषाला मी डोळे मिटून घेतले,
उघडे ठेवून करणार काय.

आधी गाळ, कोपरापर्यंत.
मग साग. खिळे. एका कुशीवर निजलेली फळी,
अजून बांधलेलं जाळं,
जाळ्यात काटे, नुसते काटे,
आणि एक जिवंत मरळ
तळहाताला ढुशी देऊन गेली.

नाळेवर पिवळ्या ऑइलपेंटने
मनुदेवी प्रसन्न लिहिलेलं, हे गावाला पाठ.
पेंट नव्हता.
त्याच्या खाली पटाशीने कोरलेलं काहीतरी होतं.
बोट फिरवलं : एक अख्खा गोल, वर दांडी.
ठ.
पुढचं अक्षर ग. त्याच्या पायाशी उकार,
दीर्घ.

पोरं जगेनात की आमच्याकडे
मरणाला फसवायला हे नाव ठेवतात.
काकूचं नाव विमल.
आमच्या घरात ठगू कुणीच नाही.
बुडबुडे वर चालले होते, मी मोजत राहिलो.
मग एक झटका आला, काठावरून.

"नाव सापडनी का रे?"
"सापडनी. कुशीवर पडेल शे."
काकाने मान हलवली. पलीकडच्या पपईच्या बागांकडे
बघत बसला जरा वेळ.
मग, विचारलं न विचारल्यासारखं :
"नाव सापडनं?"
एवढंच. एका मात्रेचा फरक.

"पानी गढूळ शे, काका."
"हातले काय गढूळ," तो म्हणाला
आणि दोरी कोपरावर गुंडाळत गुंडाळत
माझ्यापर्यंत आला.
कमरेची गाठ ओली होती.
दोघांच्या चार हातांनी
सुटेना.