जय संवत्सर

पाडव्याला नागेशभट जोशांनी
पंचांग मांडीवर घेऊन वाचलं:
शके चौदाशे छपन्न, नाव जय.
कुणाचा, ते पंचांगात नव्हतं.
आम्ही साळ्यांनी विचारलंही नाही,
कडुनिंबाचा पाला चावला
आणि मागावर बसलो.

त्या वर्षी लाखेचा भाव चढला.
शेजारच्या दाऊद मोमिनाने माग सोडवला,
लाकडं मोजून होडीत घातली, चौलला गेला.
फणी तेवढी माझ्याकडे ठेवली.
म्हणाला, परत येईन तेव्हा दे.
तळ्याकाठी आमचे ताणे शेजारी शेजारी पसरत,
त्याची बायको आणि मी
एकाच मडक्यातली खळ घ्यायचो.
ऊन चुकलं की दोघींचंही सूत आंबायचं.

श्रावणात मला मुलगी झाली.
सासरे म्हणाले, दोन हात वाढले.
पुढे काहीच बोलले नाहीत,
पण त्या दिवशी धोटा
तीनदा निसटला त्यांच्या हातून.

खाडीत गलबतं दिसली की रेशीम पुरायचं,
दिसेनाशी झाली की उकरायचं.
कार्तिकात चारदा उकरलं.
चौथ्यांदा एक लडी सापडलीच नाही,
हिरवी, पोपटाच्या पोटासारखी.
ठेवून घेतली असेल भुईने,
तिलाही सणवार असतात.

पौषात पदू तांडेल वसईहून आला,
होडी बांधायच्या आधीच ओरडला,
दिलं!
काय दिलं रे?
वसई दिली, बेटं दिली, ठाणं दिलं.
सुलतानाने. फिरंग्याला. कागदावर.

सासऱ्यांनी विचारलं, कागद केवढा होता?
बाया हसल्या. ते हसले नाहीत.
जन्मभर पन्हा मोजलेला माणूस,
त्याला खरंच हवं होतं माप:
हात? दीड हात?
तेवढ्यात एवढी तळी, दारची चिंच,
खाडीचा गाळ, गाळातले खेकडे
कुणी आणि कसे बसवले?

मग एक फिरंगी कारकून आला
घरं मोजत, माग मोजत,
उन्हाने नाक सोललेलं.
ठ त्याच्या जिभेवर बसेना.
ताना, म्हणायचा, ताना.
आमच्या कानांना ऐकू आलं, ताणा.
सासरे मागावरून उठले नाहीत.
खरं बोलतोय बिचारा, म्हणाले,
नुसता ताणाच उरलाय गावात.
बाणा घालणारे गेले चौलला.

कारकुनाने मान डोलावली,
काहीतरी लिहून घेतलं.
काय लिहिलं, देव जाणे.

पुढच्या पाडव्याला भटांनी
नव्या वर्षाचं नाव वाचलं, मन्मथ.
मी नीट ऐकलं नाही.
रांगत रांगत पोरीने
दाऊदची फणी ओढून घेतली होती,
नव्याने फुटलेल्या दातांनी चावत होती,
आणि फणीचा एक दात मोडला होता.
अशा फणीने विणलं
तर ठाण संपेपर्यंत कापडात रेघ राहते.

तो आला, तर काय सांगू त्याला?